अनुभव धागा: गाडीचा रोबोट हातात आला की तुम्ही आधी काय बघता?

खडपावरून (देवगड)

गणपतीच्या आधी माळा साफ करायला चढलो होतो, आई खालून ओरडत होती माटवीचं (गणपतीच्या वर बांधतो ती चौकट) सामान आधी काढ, आणि मला सापडला बिस्किटांचा पत्र्याचा डबा. झाकण निघेना इतकं गंजलेलं. आत माझा लाल ट्रक. मामा मुंबईला नोकरीला होता, चतुर्थीला येताना त्याने आणलेला, मी तेव्हा दुसरीत. एसटीतून उतरला तेव्हा एका हातात वळकटी आणि दुसऱ्या हातात हा.

गेली आठ-नऊ वर्षं मी ट्रान्सफॉर्मर्स, म्हणजे गाडीचे किंवा विमानाचे रोबोट होणारी खेळणी, जमवतोय, कपाटात चाळीसेक आहेत, त्यामुळे हात आपोआप तपासायला लागला. पायाच्या आतला शिक्का बघितला, काही नाही, ना कंपनी ना साल. स्टिकर साधा, अंगठ्याने घासला की खालून चिन्ह उमटतं तो नाही. (ते स्टिकर १९८५ पासून आले, ८४ च्या पहिल्या मालावर नव्हते, म्हणून नुसत्या स्टिकरवरून मी कधी नकली म्हणत नाही, शिक्का नाही आणि प्लास्टिक हलकं असलं तरच.) म्हणजे माझा कॉपीच होता. दोन्ही मुठी गायब, अस्सल ऑप्टिमस प्राइमच्या (ट्रान्सफॉर्मर्समधला लाल ट्रकवाला, माझा त्याचीच कॉपी) पण मुठी सुट्याच असायच्या आणि त्याच आधी हरवायच्या. खांद्याच्या पिना तांबड्या झाल्यात. आणि तरी पाय ओढला तर टक् करून बरोब्बर बसला. तोच आवाज. मी माळ्यावरच बसून राहिलो थोडा वेळ.

म्हणून हा धागा. नवीन किंवा जुनी फिगर घेताना तुम्ही कशी पारखता, आणि आपल्या खाऱ्या हवेत कशी टिकवता ते लिहा. माझं सांगतो. मी आधी रोबोट रूपात उभी करतो आणि मागून बघतो, पुढून सगळ्याच छान दिसतात, पाठीवर गाडीचं किती ओझं उरलंय ते मागूनच कळतं. मग हात सरळ धरून सोडतो, बंदुकीच्या वजनाने खाली येतो का. मग गाडी करून शहाबादीवर ढकलतो, चारही चाकं टेकली पाहिजेत, एक चाक हवेत म्हणजे आतला कुठला तरी पार्ट नीट बसलेला नाही. आणि तीनदा तरी बदलून बघतो, पहिल्या वेळी पुस्तिका बघून, तिसऱ्या वेळी न बघता. तिसऱ्या वेळीही बोटं अडखळली तर माझ्या लेखी ती फिगर कमी, मग दिसायला कितीही देखणी असो.

मालवणी माणूस

माका पण असोच एक होतो, विमान होऊचा. बापाशीन दर्यात नेलो आनि थयच रवलो. वायच फोटो टाक रे तुझ्या ट्रकाचो.

बंदरावरची (रत्नागिरी)

नवरा बोटीवर असतो, वर्षातले सात-आठ महिने नाही, फिगर्स त्याच्या आणि सांभाळते मी. जपानला बोट लागली की एखादा खोका आणतोच, तिकडे ऑप्टिमसला कॉन्व्हॉय म्हणतात हे मला लग्नानंतर कळलं. आता मला सगळ्या बदलता येतात, त्याच्याहून जास्त, कारण दर पंधरा दिवसांनी मी एकेक काढून सगळे सांधे एकदा हलवून ठेवते, नाहीतर खाऱ्या दमट हवेत पिना धरतात.

माझी परीक्षा नखांची. दार उघडताना, पॅनल सोडवताना नख तुटत असेल तर डिझाइन करणाऱ्याने बोटं धरून विचार केला नाही. मास्टरपीस म्हणून मोठ्या संग्राहकांसाठीची मालिका असते, त्यातला एक आहे आमच्याकडे, मोठा, दिसायला इतका सुंदर की नजर हटत नाही, पण पोटाजवळचे पातळ तुकडे दुमडताना माझा जीव वर येतो आणि तिथे प्लास्टिकवर पांढरी रेघ आलीच शेवटी. ती पांढरी रेघ म्हणजे ताण, पुढे तिथेच तुटणार. त्याला अजून सांगितलं नाही, डिसेंबरात येईल तेव्हा सांगेन.

ढिल्या सांध्याला काय करता? मी सांध्यातल्या गोळीवर, बॉलवर, नेलपॉलिश लावते, बिनरंगाची, पातळ, आणि पूर्ण एक दिवस वाळू देते मगच बसवते. कोणी फेव्हिक्विक सांगतात, मला धीर होत नाही, सांधा चिकटला की संपलं.

बाजारात बांगडे आलेत, नंतर येते.

खडपावरून

ताई नेलपॉलिश बरोबर. आणि घट्ट सांध्याला सिलिकॉन ग्रीस, अगदी टाचणीच्या टोकावर मावेल एवढंच. पारदर्शक पार्टला पिन असेल तर जोर लावूच नका, पारदर्शक प्लास्टिक ठिसूळ, चिरतं.

वाशिष्ठीकाठ

मी चिपळूणचा. २२ जुलै २०२१ चा पूर. बाकी काय सांगू, सगळ्यांनी बघितलंय.

आमचं घर बाजारपेठेच्या मागे, तळमजला पूर्ण गेला, आम्ही आजीला खुर्चीसकट वर नेलं, कागदपत्रं नेली, फिगर्सचं कपाट राहिलं. राहणारच, त्या वेळी कोणाच्या डोक्यात येतं. दोन दिवसांनी पाणी ओसरल्यावर चिखलात हात घालून एकेक काढला, बाबा गादीचा कापूस काढत होते आणि मी रोबोट, मला लाज वाटत होती शेजाऱ्यांसमोर पण बाबाच म्हणाले काढ रे, तुझी सात वर्षांची कमाई आहे. सव्वीस सापडले. बंदुका, तलवारी जवळजवळ सगळ्या गेल्या.

पण तेव्हा मला कळलं फिगर आतून कशी असते. पुराचा गाळ मैद्यासारखा बारीक, तो रॅचेटमध्ये म्हणजे टकटक वाजणाऱ्या सांध्यात जाऊन बसतो आणि तसंच फिरवलं तर दात झिजतात. म्हणून एकही सांधा न हलवता आधी पाण्यात बुडवून ठेवले, पाणी बदलत राहिलो तीन दिवस (तेही टँकरचं, आई रागावली नाही हे विशेष), मग स्क्रू काढून मऊ ब्रशने धुतले. ज्यांचे पार्ट स्क्रूने जोडलेले ते वाचले. ज्यांच्या पिना ठोकून बसवलेल्या होत्या त्यांच्यात पाणी राहिलं आणि महिन्याभरात गंजाचे ओघळ बाहेर आले. तेव्हापासून मी कुठलीही फिगर घेताना पहिलं उलटी करून स्क्रू मोजतो. दुकानदाराला वाटतं हा काय करतोय. स्क्रू म्हणजे उघडता येईल, उघडता येईल म्हणजे वाचवता येईल. लोक म्हणतात स्क्रू दिसले की रूप बिघडतं. दिसू देत.

बंदरावरची

वाचून अंगावर काटा आला. बाबांना नमस्कार सांगा.

आंबा_पेटी

विषय थोडा वेगळा पण पार्सलचं कोणाला माहीत आहे का? आमच्या गावात कुरिअर येत नाही, तालुक्याला ठेवतात, मागच्या वेळी खोका पावसात बाहेर होता. तक्रार केली, उत्तर नाही. आता मी मित्राच्या पत्त्यावर कोल्हापूरला मागवतो आणि घाटातून येणाऱ्या आमच्याच टेम्पोत टाकून आणतो.

आणि बाहेरून मागवणं परवडत नाही आता. खेळण्यांवरचा आयात कर २० टक्के होता, २०२० मध्ये ६० केला, २०२३ मध्ये ७०. वर १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय मार्क लागतो. लहान मुलांच्या सुरक्षेसाठी ते योग्यच आहे, माझी दोन वर्षांची पुतणी सगळं तोंडात घालते. पण आमच्यासारख्यांना दुसऱ्याने वापरलेल्या जुन्या मालाशिवाय पर्याय उरत नाही, म्हणून पारखता येणं जास्तच गरजेचं झालंय.

मालवणी माणूस

टेम्पो देवगडाक येता काय? माझो एक खोको असा कोल्हापुराक.

आंबा_पेटी

येतो, शुक्रवारी. खाजगी निरोप पाठव.

चितारआळी

सावंतवाडीचा आहे, घरात तीन पिढ्या लाकडी खेळणी. मी रोबोट जमवत नाही, मुलगा जमवतो, त्याने हा धागा दाखवला.

एक सांगावंसं वाटलं. आमच्याकडे पांगाऱ्याचं लाकूड हलकं म्हणून घेतात, पण लाकडी फळ हातात घेतल्यावर वजन एका बाजूला जायला नको, हे वडील डोळे मिटून बघायचे. मुलाचा रोबोट मी तसाच बघितला. डोळे मिटून. एकाचे हात आतून पोकळ, वळवून बघितलं तर खरंच मागून खोबणी उघडी, वरून रंग दिलेला. दुसऱ्याचे पाय भरीव आणि जड, त्यामुळे एका पायावर उभा राहतो. मुलगा म्हणाला बाबा, पोकळ हातावर आम्ही परीक्षणात गुण कापतो. मग त्याने मला घोट्याची गंमत दाखवली, पाऊल बाजूला कलतं म्हणून पाय फाकवून उभा केला तरी तळवा पूर्ण टेकतो. हे ज्याने केलं तो कारागीरच आहे. आमच्या बाहुल्यांना घोटे नसतात, त्या दिवशी रात्री झोपताना मी त्याच विचारात होतो.

खडपावरून

काका, डोळे मिटून बघायचं मला कधी सुचलं नाही. आज करून बघतो.

पिवळं_विमान

वेंगुर्ला. माझं दुखणं वेगळं, पांढरं प्लास्टिक. जेटफायर, पांढरं विमान होणारा, १९८५ चा, एका ओळखीच्या काकांनी दिलेला, ज्यांना माहीत आहे त्यांना माहीतच आहे की तो पिवळा पडतोच. मी हायड्रोजन पेरॉक्साइड लावून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून गच्चीत उन्हात ठेवला, दर तासाला फिरवत होतो, एका दिवसात पांढरा शुभ्र. रडायचा बाकी होतो आनंदाने. दोन पावसाळ्यांनी परत पिवळट. आता ठेवलाय तसाच. स्टिकर असतील तर ते आधी वाचवा, माझे दोन उडाले.

जुना माल घेणाऱ्यांनी अजून एक लक्षात ठेवा, ८० च्या शेवटाकडचं आणि ९० मधलं चमक मिसळलेलं सोनेरी प्लास्टिक. बाहेरून नवंकोरं दिसतं आणि हातात भुगा होतो. ते वापरून झिजत नाही, त्याचं ते आतूनच ठिसूळ होतं. असली फिगर विकणारा म्हणाला ‘एकदाही बदललेली नाही’ तर मी विचारतो मग चालते का हे तुला कसं माहीत. तसल्या सोनेरी फिगरला मी बदलायला जात नाही, नुसती बघतो.

सीलबंद

मी खोके उघडत नाही, सगळे सीलबंद. खोक्याची पण किंमत असते.

वाशिष्ठीकाठ

दादा मान्य, पण कोकणात? पुठ्ठ्याला बुरशी येते, आणि आत काय चाललंय ते तुम्हाला दिसत नाही.

सीलबंद

हवाबंद डबे आणि सिलिका जेल. रंग बदलणारे खडे घ्या, निळे असतात ते ओल धरली की गुलाबी होतात, मग तापवून परत वापरता येतात. मी जून ते ऑक्टोबर दर आठवड्याला बघतो. एक खरं सांगतो, माझ्याकडे अर्थराइज मालिकेतला ट्रेलरवाला ऑप्टिमस आहे, २०२० चा, आणि त्याचा ट्रेलर उघडला की रोबोटांचं ठाणं होतं म्हणतात ते मी अजून बघितलेलं नाही. चितारआळीच्या काकांचं वाचून काल रात्री तो खोका दोनदा हातात घेतला.

खडपावरून

उघडा. जमिनीवर बसून उघडा. ट्रेलरच्या बिजागऱ्या पहिल्यांदा कडक असतात, घाई नको.

सुपारीबाग

श्रीवर्धन. निसर्ग वादळात, ३ जून २०२०, पत्रे उडाले आणि मुलाचं शेल्फ थेट पावसात. सुपारीची बाग आडवी झाली, पंधरा वर्षांची झाडं, त्यामुळे खेळण्यांकडे बघायला कोणालाच वेळ नव्हता. लाइट नव्हती कित्येक दिवस. माझा मुलगा तेव्हा नऊ वर्षांचा, तो काय करायचा, मेणबत्तीच्या उजेडात एक छोटा पिवळा गाडीवाला रोबोट करायचा, परत गाडी, परत रोबोट. शंभर वेळा तरी. त्या महिन्यात तो आवाज आमच्या घरात सतत होता. आज त्या गाडीचा रंग कोपऱ्यांवर पूर्ण गेलाय, बॉनेटची एक बाजू बसत नाही, डावा हात लोंबतो. कलेक्टर लोक याला काय गुण देतील ते मला माहीत नाही, पण एवढ्या वेळा बदलूनही त्याची कंबर अजून टक् करून बसते, याचे गुण द्या.

बंदरावरची

डाव्या हाताला नेलपॉलिश लावा हो, बिनरंगाची. बॉल जॉइंट असेल तर नक्की बसेल. जमत नसेल तर माझ्याकडे पाठवा, करून देते.

सुपारीबाग

मुलाला विचारते. तो कोणाला हात लावू देत नाही.

खडपावरून

सगळ्यांचं वाचतोय, माटवी बांधून झाली. काका, डोळे मिटून बघितला ट्रक. उजवीकडे जड आहे, कधी कळलंच नव्हतं, कारण डाव्या पायातला धातूचा तुकडा पडून गेलाय. पिना बदलायच्या ठरवल्या होत्या, स्टेनलेसची तार मापाने कापून, पण ठोकून काढताना खांदाच फुटायची भीती वाटते, त्यामुळे फक्त गंज पुसून तेलाचा हात दिला आणि थांबलो. मुठींसाठी काही करणार नाही.

मामा उद्या सकाळी कणकवलीला उतरतोय, आता सत्त्याहत्तरचा आहे. डबा ओटीवर ठेवलाय.

मालवणी माणूस

फोटो अजून टाकलस नाय. आनि कणकवलीत्सून येताना मामाक सांग, रस्तो खराब असा, रिक्षा हळू हाणूक सांग.