२४ वर्षांचा झालोय, पेटी शिकून स्वतःच्या चाली करता येतील का? (मिडी कीबोर्ड घरात पडून आहे)

वेर्ण्याची_नाइट_शिफ्ट:
नमस्कार मंडळी. मी गोव्यात फोंड्याकडचा, वेर्ण्याला कंपनीत शिफ्टला जातो. घरात भजनाचं वातावरण आहे, आजोबा पखवाज वाजवायचे, पण मी लहानपणी क्रिकेट सोडून कशालाच हात लावला नाही. गेल्या वर्षी डोक्यात किडा शिरला की आपण स्वतः काहीतरी बनवायचं, मग २५ पट्ट्यांचा मिडी कीबोर्ड घेतला, लॅपटॉपवर सॉफ्टवेअर टाकलं आणि व्हिडिओ बघून बघून लूप (परत परत फिरणारे आवाजाचे तुकडे) जोडायला लागलो. ८ सेकंद मस्त काहीतरी होतं आणि तिथंच अडकतं. अशा ३७ फाइल्स झाल्यात, नवीन १, नवीन २, फायनल नवीन, फायनल नवीन खरी. पुरी एकही नाही.

दुसरं म्हणजे पट्टी दाबली की आवाज जरा उशिरा येतो, त्यामुळे ताल सुटतो, की माझाच ताल कच्चा आहे तेच कळत नाही.

एका क्लासला पण जाऊन आलो. सरांनी पहिली-दुसरीतल्या पोरांच्या रांगेत बसवलं, एका पोरीनं विचारलं अंकल तुमचं बाळ कुठंय. परत गेलो नाही.

तर पेटी घेऊ का? गुरू लागतोच का? वय झालं वगैरे सांगू नका प्लीज, ते आईनं सांगून झालंय.

काळी_चार:
अंकल वाचून हसू आवरेना, सॉरी रे. मी गाणं २७व्या वर्षी सुरू केलं, माझ्या बाजूला सहावीतली मुलगी बसायची आणि ती माझ्यापेक्षा सुरात होती. सहा महिने राग आला, मग तिलाच विचारायला लागले.

पेटी आत्ता घेऊ नकोस. आहे त्या कीबोर्डवर फक्त काळ्या पट्ट्या वाजव. दोन आणि तीनच्या जोड्या दिसतात ना, त्यातल्या तीनच्या जोडीतली पहिली, म्हणजे आपण काळी तीन म्हणतो ती, तिला सा धर. पुढच्या चार काळ्या ओळीनं रे, ग, प, ध, नंतर वरचा सा. हा झाला भूप राग, पांढऱ्या पट्टीला बोटच लागत नाही त्यामुळे चुकायलाही वाव नाही. आता सारेग, रेगप, गपध, पधसां असं वर जा आणि तसंच उलटं खाली ये. हे म्हणत म्हणत वाजवायचं, नुसतं वाजवायचं नाही, कारण पट्टीवर मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, येत नाही, ती गळ्यातूनच कळते. गळ्याला काळी तीन उंच वाटेल, बहुतेक पुरुषांचा सूर काळी एक-दोनच्या आसपास असतो, मग सॉफ्टवेअरमध्ये ट्रान्सपोज करून, म्हणजे सगळे सूर एकदम सरकवून, खाली आण, बोटं तिथंच राहू देत.

आणि गुरू लागतो. रोज नाही, पण आठवड्यातून एकदा कोणीतरी समोर बसून "हा ग चढलाय" म्हणणारं माणूस लागतं, व्हिडिओ तुला ऐकत नाही. पणजीत कांपालला कला अकादमीत भारतीय आणि पाश्चात्त्य दोन्ही शिकवतात, जाऊन वेळा विचार. गांधर्व महाविद्यालयाच्या संगीत परीक्षांच्या मागे मात्र आत्ता लागू नकोस, प्रारंभिकपासून विशारद पूर्णपर्यंत ७ परीक्षा आहेत, तुला चाल करायचीय, सर्टिफिकेट नकोय.

पत्र्यावरचा_पाऊस:
उशिराचं मी सांगतो, ताल तुझा कच्चा असेलही पण आधी बफर बघ, म्हणजे आवाज बाहेर सोडण्याआधी लॅपटॉप जो तुकडा साठवतो तो. ऑडिओ सेटिंगमध्ये बफर साइझ म्हणून आकडा असतो, १०२४ असेल तर ४४१०० च्या सॅम्पल रेटला नुसते तिथंच २३ मिलिसेकंद जातात, बाकीची साखळी धरून अजून जास्त. ते १२८ कर, ३ मिलिसेकंदांवर येईल. विंडोज असेल तर एएसआयओ ड्रायव्हर टाक, आवाज लवकर पोचवायचं सॉफ्टवेअर असतं ते. आवाज तडतडायला लागला तर २५६. आणि ब्लूटूथ हेडफोन लावून वाजवत असशील तर वरचं सगळं विसर आणि आधी वायरचा हेडफोन घे, आमच्यात निम्म्या लोकांचा रोग तोच असतो.

आता ३७ फाइल्स. भावा हे सगळ्यांचं होतं कारण लूप कधी संपतच नाही, तो फिरतच राहतो आणि आपण त्याच्यावर अजून एक आवाज चढवतो. मी एक नियम केला, ४ ट्रॅक आणि १ मिनिट, त्याच्या वर काही नाही. आधी फोनवर गुणगुणून पूर्ण चाल रेकॉर्ड करायची, धृवपद एकदा, कडवं एकदा, परत धृवपद, आणि मगच लॅपटॉप उघडायचा. भजनी ठेका ८ मात्रांचा, सॉफ्टवेअरच्या भाषेत ४/४ चे, म्हणजे चार-चार मात्रांचे, दोन बार. १६ मात्रांचा तीनताल घेतलास तर चार बार. स्क्रीनवरची ती ग्रिड, मात्रांच्या चौकटी, तुझ्या आजोबांच्या हिशेबानंच चालते, फक्त नाव वेगळं.

माझं पहिलं पूर्ण गाणं जुलैमध्ये रेकॉर्ड केलेलं, मागं पत्र्यावर पाऊस. काढायला दोन दिवस घालवले, निघेना, मग तसाच ठेवला. लोकांना तोच आवडला, गाणं नाही.

डिचोलीकर००७:
पेटी घे. अपडेट मागत नाही.

काळी_चार:
@डिचोलीकर००७ गोव्यात राहून बोलताय हे? जून-जुलैत माझ्या पेटीची एक पट्टी खाली गेली की वर येत नाही, सिलिकाच्या पुड्या घालून, चादरीत गुंडाळून कपाटात ठेवते बाळंतिणीसारखी.

घुमट_दादा:
बाबू, तू फोंड्याकडचा, घरात भजन, आणि आठ सेकंदांचा लूप करतोस! चवथ (गणेश चतुर्थी) येते आहे. वाड्यावर आरतीला घुमट घेऊन बसतात की नाही? तिथं जाऊन बस. पहिल्या दिवशी कासाळं, म्हणजे मोठी झांज, घे, ते कोणी पण देतं. कासाळ्याचं काम एकच, लय धरणे, आणि ती सुटली की सगळा वाडा तुझ्याकडे बघतो, त्या बफरपेक्षा ते जास्त लवकर शिकवतं (पत्र्यावरच्या पावसाने राग मानू नये).

मग घुमट. मातीचं मडकं, मोठ्या तोंडाला चामडं, मागचं तोंड उघडं. उजव्या हातानं वाजवायचं आणि डाव्या तळव्यानं मागचं तोंड झाकायचं-उघडायचं, आवाज तिथं बनतो. आम्हाला सुरुवातीला फक्त तो डावा हातच करायला लावलेला, उजवा बांधून ठेवल्यासारखा मांडीवर. पूर्वी घोरपडीचं चामडं असायचं, वन्यजीव कायद्यानं ते बंद, आता बकऱ्याचं. जुने लोक कुरकुरतात की तो आवाज नाही, मला विचाराल तर पावसात सगळीच चामडी सैल पडतात, उन्हात ठेवा आणि वाजवा. २०१९ मध्ये सरकारनं घुमटाला वारसा वाद्य केलं, तेव्हापासून कॉलेजची पोरं पोरी पण येतात, २४ काय घेऊन बसलास.

आणि आजोबांचा पखवाज कुठं आहे?

वेर्ण्याची_नाइट_शिफ्ट:
माळ्यावर आहे दादा. काल उतरवला. एका बाजूचं चामडं उंदरांनी खाल्लंय, दुसरी बाजू ठीक वाटते पण वाजवल्यावर धप्प असा गादीवर मारल्यासारखा आवाज येतो. कुठं भरून मिळेल?

ताई, काळ्या पट्ट्यांचं केलं. शिफ्टवरून आल्यावर सकाळी अर्धा तास, हेडफोन लावून, पण म्हणायला लागतं ना, तर घरच्यांना नुसता माझाच आवाज ऐकू येतो, कीबोर्डचा नाही. वहिनी म्हणाली पोटात दुखतंय का. चार दिवसांनी स्वतःच म्हणाली आज बरं येतंय.

बफर १०२४ च होता!! १२८ केला. आवाज आता लगेच येतो. ताल पण कच्चाच निघाला.

घुमट_दादा:
पखवाज टाकू नकोस, फक्त वाद्या (चामड्याच्या ओढपट्ट्या) आणि गठ्ठे (त्यांच्याखालचे लाकडी ठोकळे) जपून ठेव, खोड शाबूत असेल तर पुडी, म्हणजे तोंडावरचं चामडं, नवी बसते. खोडाला भेग आहे का बघ, दिवा आत धरून. फोटो टाक दोन्ही तोंडांचा, म्हापशाला एक जण बसवून देतात, त्यांना विचारून सांगतो.

वेर्ण्याची_नाइट_शिफ्ट:
भेग नाही. आतून खोडावर पेन्सिलीनं काहीतरी लिहिलंय, आजोबांचंच अक्षर आहे, पण टॉर्च मारून पण नीट लागत नाही. पुडी काढतील तेव्हा मी तिथं थांबतो.