इस्तंबूलमधील मार्गदर्शित खाद्यफेरी: घरात एक शाकाहारी आणि एक मांसाहारी असताना घ्यावी का?

सह्यकडा:
ऑक्टोबरमध्ये आई-बाबांना घेऊन इस्तंबूलला जाण्याचे ठरले आहे. स्थानिक मार्गदर्शकाबरोबर बाजारातून चालत, थांबत, थोडेथोडे चाखत जाण्याची अर्ध्या दिवसाची फेरी घ्यावी, असे माझ्या मनात आहे. बाबा मासे आणि मटण आवडीने खातात. आई मात्र अंडेही खात नाही, आणि आपल्यामुळे इतरांचा विरस होईल अशी धास्ती तिने आत्तापासूनच घेतली आहे. अशा फेरीत तिला पोटभर आणि निःशंकपणे खाता येईल का? आणि फेरी कोणत्या भागातली निवडावी?

बॉस्फरसकाठची:
मी नोकरीनिमित्त येथे राहते. माझ्या मते मार्ग पाहून फेरी निवडावी, पदार्थांची यादी पाहून नव्हे. शहराच्या युरोपीय किनाऱ्यावरील एमिनोन्यू येथे सुरू होऊन बोटीने आशियाई किनाऱ्यावरील कादकॉय येथे संपणारी फेरी तुमच्यासाठी सर्वांत सोयीची ठरेल. एमिनोन्यूचा मसाल्यांचा बाजार सतराव्या शतकातला असून पाहण्यासारखा आहेच, परंतु त्याच्या आतील बहुतेक दुकाने आता पर्यटकांवर चालतात. स्थानिक लोक बाहेरच्या गल्लीत खरेदी करतात, आणि तिथेच १८७१ पासून चालत आलेल्या मेहमेत एफेंदी यांच्या कॉफीच्या दुकानापुढे ताज्या दळलेल्या कॉफीसाठी रांग लागलेली असते. तेथून बोटीने साधारण वीस मिनिटांत कादकॉय येते. धक्क्यापासून थोड्याच अंतरावर मासळीची, ऑलिव्हची, चीजची आणि लोणच्यांची दुकाने एकमेकांना लागून आहेत, त्यामुळे ज्येष्ठांना फार चालावे लागत नाही. जुन्या शहरातले चढ-उतार मात्र गुडघ्यांची परीक्षा पाहतात.

वांगीप्रेमी:
मी स्वतः शाकाहारी आहे, म्हणून आईंच्या बाजूने लिहितो. तुर्की स्वयंपाकात शाकाहाराची वानवा नाही, अडचण आहे ती न दिसणाऱ्या मांसाची. मसुराचे सूप आणि साधा दिसणारा भात हे दोन्ही अनेकदा मांसाच्या किंवा कोंबडीच्या पाण्यात शिजवलेले असतात, आणि वाढणाऱ्याला त्यात सांगण्यासारखे काही वाटत नाही. म्हणून ‘यात मांस आहे का’ एवढेच न विचारता ‘एत सुयू’, म्हणजे मांसाचे पाणी, घातले आहे का, असे मार्गदर्शकाकडून प्रत्येक ठिकाणी विचारून घ्यावे.

निःशंकपणे खाण्यासारखा मोठा वर्ग म्हणजे ‘झेयतिनयाल’, अर्थात ऑलिव्ह तेलात शिजवून गार वाढल्या जाणाऱ्या भाज्या: घेवडा, लीक, आर्टिचोक वगैरे. द्राक्षाच्या पानांच्या गुंडाळ्यांबाबत एक ढोबळ खूण उपयोगी पडते: गार आणि तेलकट असतील तर आत बहुधा भात असतो, गरम असून वर दही असेल तर खिमा असतो. ‘इमाम बायल्द’ हे कांदा-टोमॅटो भरलेले वांगे शाकाहारी आहे, पण त्याच्याच शेजारी ठेवलेले, जवळजवळ तसेच दिसणारे ‘कार्नयारक’ खिम्याने भरलेले असते. ‘चीय कोफ्ते’ मुळात कच्च्या मांसाचे; आज साखळी दुकानांत मिळते ते मात्र बारीक बुलगूर गहू, मिरची आणि टोमॅटोचा लगदा मळून केलेले असते. सॅलडच्या पानात गुंडाळून, वर डाळिंबाचा आंबट रस घालून ते देतात. तिखट खाणाऱ्या मराठी माणसाला या शहरात याहून चांगला आसरा नाही. सोबत आयरन, म्हणजे आपले खारट ताक, घ्यावे.

पोटोबा_ठाणेकर:
कादकॉयच्या शिफारशीशी मी पूर्ण सहमत नाही. वडील मटणाचे खरे भोक्ते असतील, तर जुन्या शहरातील फातिह भागात, रोमन जलवाहिनीच्या कमानींजवळ असलेला ‘कादनलार पाझार’ चुकवू नये. आग्नेय तुर्कस्तानातील सीर्त प्रांतातून आलेल्या लोकांची तिथे बरीच दुकाने असून, खड्ड्यात टांगून तासन्‌तास भाजलेले कोकराचे ‘ब्युरयान’ तिथे मिळते. ते शक्यतो दुपारपूर्वी खावे. रस्त्यावरचे भात भरलेले शिंपले, ‘मिद्ये दोल्मा’, मात्र वर्दळीच्या विक्रेत्याकडेच घ्यावेत. सकाळपासून उन्हात राहिलेल्या परातीच्या वाटेला जाऊ नये.

सह्यकडा:
मनःपूर्वक आभार. मग दोघांसाठी वेगवेगळ्या फेऱ्या घ्याव्यात का? आणि गोड पदार्थांत आईने काय टाळावे?

बॉस्फरसकाठची:
वेगळ्या फेऱ्यांची गरज नाही. फक्त तुमच्या कुटुंबापुरती फेरी ठरवून ‘अंडे आणि मांसाचे पाणी चालत नाही’ हे आधी लेखी कळवावे; मोठ्या गटात थांबे ठरलेले असतात आणि शाकाहाऱ्याच्या हाती पाव-चीज तेवढे येते. फेरी पहिल्याच दिवशी घेतली, तर दाखवलेल्या खानावळींत पुढचे दिवस तुम्हाला स्वतःहून जाता येईल. ब्युरयानसाठी बाबांना दुसऱ्या सकाळी फातिहला न्यावे.

गोडात पिठीसाखर लावलेला पारंपरिक ‘लोकुम’ साखर आणि स्टार्चचा असतो, तो चालेल. बकलाव्याच्या पारीत अंडे असू शकते, त्यामुळे विचारूनच घ्यावा. ‘तावुक गोसू’ हा पांढराशुभ्र, दुधाचा निष्पाप दिसणारा गोड पदार्थ मात्र कोंबडीच्या छातीच्या मांसाचे बारीक तंतू घालून करतात. त्याचाच तळाशी करपवलेला प्रकार ‘कझानदिबी’ काही ठिकाणी मांसाविना, तर काही ठिकाणी मांसासह मिळतो, म्हणून आईंसाठी सरळ तांदळाची खीर, ‘सुतलाच’, मागवावी. तीही अंड्याविना आहे ना, एवढे विचारून.