विडंबन की विटंबना?

धुळ्यात पांझरेकाठच्या एका भिंतीवर पोरांनी चित्र काढलं होतं. रस्त्यातल्या खड्ड्यात पाणी, पाण्यात खुर्चीची नाव, नावेत गळ्यात हार घातलेला पुढारी. दोन दिवसांत त्यावर चुना फासला गेला आणि अर्जही गेला, 'नेत्याची विटंबना केली'. तो शब्द मला तेव्हापासून टोचतोय. तिथं 'विडंबन' हवं होतं.

दोन्ही शब्द एकाच घरचे. संस्कृतात 'विडम्ब्' म्हणजे नक्कल करणे. नकलेला थट्टा चिकटली, थट्टेला हिणवणं. मराठीनं पुढे वाटणी केली. 'ड' राहिला ते विडंबन, कवितेचं, भाषणाचं, चालण्याबोलण्याचं. 'ट' झाला ती विटंबना, पुतळ्याची, प्रेताची, मूर्तीची. हिंदीत 'विडंबना' म्हणजे तिसरंच, दैवाचा खेळ.

विडंबनाला मूळ शाबूत लागतं, ते ओळखू आलं नाही तर हसू कुठून येणार? विटंबनेत मुळालाच हात घातलेला असतो. सारंगखेड्याच्या यात्रेत तमाशातला सोंगाड्या राजाची भर फडात फजिती करतो, राजाच्या अंगाला बोट लागत नाही.

प्रतिसाद : भाऊ, कसोटी अर्धीच पटली. कुणाची जात, बाईचं शरीर यांची 'नक्कल' केली तर मूळ शाबूत राहूनही ती विटंबनाच. आणि भिंतीचं काय? मालमत्तेबाबतच्या १९९५ च्या राज्याच्या कायद्यात शब्द आहे 'विद्रूपण'. परवानगी नव्हती, तर त्याचा जाब पोरांनी द्यायला हवा.

उत्तर : जात आणि बाईचं शरीर, दोन्ही मान्य, ताई. त्यावर मी वाद घालणार नाही. विद्रूपणही मान्य, पण ते भिंतीचं. पुढाऱ्याच्या चेहऱ्याला तो शब्द लागत नाही, आणि अर्जात तर भिंतीचा उल्लेखच नव्हता.

व्यंगचित्रकार असीम त्रिवेदी यांना २०१२ मध्ये राजद्रोहाच्या कलमाखाली अटक झाली होती. मुंबई उच्च न्यायालयानं २०१५ मध्ये निकाल दिला. त्या चित्रांत न्यायालयाला ना विनोद दिसला ना उपरोध, दिसला तो भ्रष्टाचाराविरुद्धचा संताप. तरीही हिंसेची चिथावणी नाही, म्हणून अभिव्यक्तीवर घाला घालता येत नाही, असं न्यायालयानं म्हटलं. विडंबन फसलं तरी त्याची विटंबना होत नाही, असा मी त्याचा अर्थ घेतो. घटनेच्या कलम १९(२) मध्ये निर्बंधांची कारणं मोजून दिली आहेत. सार्वजनिक सुव्यवस्था आहे, सभ्यता आहे, बदनामी आहे. 'भावना दुखावल्या' हे कारण त्यात नाही.

अर्जात 'बदनामी' लिहिलं असतं, तर चित्रातल्या खऱ्याखोट्याचा प्रश्न निघाला असता. खड्डे तर तिथंच आहेत. 'विटंबना' लिहिलं की काहीच सांगावं लागत नाही, माणसं जमवली की झालं. म्हणून मी या एका अक्षरावर अडून बसलोय.

आमच्या घरी विडंबनाला सरळ 'सोंग' म्हणतात. यावल-रावेरकडे, तापीपलीकडे वेगळा शब्द असेल तर लिहा.