चाकाचं बेअरिंग: डब्यावरचं नाव बघायचं की बसवणाऱ्याचा हात?

खड्डेभोगी:
गाडी छोटी हॅचबॅक, नऊ वर्षांची, ८८ हजार किलोमीटर पळालेली. पुढच्या डाव्या चाकाचं बेअरिंग (दोन रिंगांमध्ये गोळ्या असलेला भाग, ज्यावर चाक फिरतं) दीड वर्षात दुसऱ्यांदा गेलंय. चाळीसच्या पुढे काटा गेला की घूंऽऽ सुरू, वेगाबरोबर चढत जाणारी. आधी टायरवरच संशय घेतला, पुढचे मागे केले, आवाज जागचा हलला नाही. मग कात्रजच्या वळणांवर उलगडा झाला. उजवीकडे वळताना भार डाव्या चाकावर येतो, तेव्हा आवाज वाढतो. डावीकडे वळलं की जवळपास गप्प. जॅकवर उचलून चाक वर-खाली धरून हलवलं तर ढिलेपणा अगदी नावापुरता. पण स्प्रिंगवर बोटं टेकवून चाक फिरवलं, तर बोटांना रवा दळल्यासारखी खरखर.

माझं मत सरळ आहे. शोरूममध्ये जे जास्तीचे पैसे जातात ते डब्याचे. गाडीची कंपनी काही स्वतः बेअरिंग बनवत बसत नाही. चिंचवडला एसकेएफ, बडोद्याला एफएजी, जयपूरला एनबीसी, असे बेअरिंगचेच कारखाने आहेत. मग त्यांच्याच डब्यातलं नाना पेठेतल्या स्पेअर पार्टच्या दुकानातून का घेऊ नये?

हिशेबी:
कारखाना तोच म्हणून माल तोच, हे कुणी सांगितलं? माप जुळलं तरी सील वेगळं, ग्रीस वेगळं, आतली फट वेगळी असू शकते. गाडीच्या कंपनीने जे ठरवून घेतलेलं असतं तेच त्यांच्या डब्यात येतं, पैसे त्याचे.

शिवाय डुप्लिकेटचं काय? मागे एका दुकानात (कुठल्या ते सोडा) डब्यावर एक नंबर आणि रिंगवर दुसरा. वर रिंगवरच्या अक्षरांवर थिनरचं फडकं फिरवलं तर अक्षरंच पुसली गेली. कोरलेलं नव्हतंच ते, छापलेलं! दुकानदार म्हणाला, "साहेब, चालतंय सगळ्यांना." पक्कं बिल मागितल्यावर मात्र चालेना.

काळे हात:
बावीस वर्षं गॅरेज चालवतोय, कोल्हापुरात. तुम्ही दोघंबी डब्यावर भांडताय, पण बेअरिंग बसवलं कसं ते कुणी विचारलंच न्हाई.

नकलमध्ये, म्हंजे बेअरिंग ज्यात बसतं त्या लोखंडी घरात, बेअरिंग दाबताना जोर बाहेरच्या रिंगवर पाहिजे. नंतर हब, म्हंजे चाक ज्याला बोल्टनं लागतं तो भाग, आत घालताना आतल्या रिंगला खालून आधार पाहिजे. उलटं केलं की सगळा जोर गोळ्यांतनं जातो, अन् टणांमधला जोर त्या एवढ्याशा गोळ्यांच्या टोकावर आला की रिंगवर खड्डे पडतात. डोळ्याला दिसत न्हाईत, गाडीबी गप गॅरेजबाहेर जाते. काही महिन्यांनी घूं सुरू. मग म्हणायचं, बेअरिंग डुप्लिकेट निघालं!

आणि एप्रिल २०१९ नंतरच्या गाड्यांना एबीएस (ब्रेक मारल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) आहेच. त्यातल्या बऱ्याच गाड्यांत बेअरिंगच्या एका बाजूच्या सीलमध्ये चुंबकाची पट्टी असते. टाचणी अलगद धरते ती बाजू सेन्सरकडं. उलटं बसवलं की डॅशबोर्डवर दिवा, अन् सगळं परत खोला. नवं बेअरिंग तर वायाच जातं, कारण काढतानाच त्याची वाट लागते.

घाटवाट:
आमच्या जुन्या जीपला बेअरिंग दाबायची कसली प्रेस? टेपर (निमुळते) रोलर काढायचे, रॉकेलमध्ये धुवायचे, तळहातावर ग्रीस घेऊन एका कडेने भरत जायचं, दुसऱ्या कडेने बाहेर येईस्तोवर. कप, म्हणजे बाहेरची रिंग, हातोडा नि पितळी रॉडने बसवायचा. नट घट्ट करून किंचित मागे सोडायचा, चाक फिरवून बघायचं. वडिलांनी जन्मभर हेच केलं. हातोड्याला उगाच बदनाम करू नका.

काळे हात:
काका, तुमच्या जीपचा कप सुटा असतो, रोलर तिथं नसतातच. हातोड्याचा दणका रोलरला लागणार कसा? आत्ताचं बेअरिंग सीलबंद जोडगोळी आहे. त्याचा हातोडा वेगळा, याचा वेगळा.

घाटवाट:
हे मान्य. पण ग्रीस भरायची मजा गेली, हे तुम्हीही मान्य करा.

हिशेबी:
दुसऱ्या चाकाचंही सोबत बदला, असं गॅरेजवाले सांगतात. मी तर बदलूनच घेतो. मजुरीचा फेरा वाचतो.

खड्डेभोगी:
उजवं शांत आहे, त्याला कशाला हात लावू? ब्रेकचे पॅड जोडीने बदलायचे कारण ब्रेक एका बाजूला ओढतो. बेअरिंगला तसं काही नाही.

बरं, काल काम झालं. हब बाहेर आला तेव्हा बेअरिंगच्या दोन तुकड्यांच्या आतल्या रिंगचा एक तुकडा त्यालाच चिकटून आला. गॅरेजच्या पोराने ग्राइंडरने त्याला तिरकी चीर पाडली, छिन्नी लावून एक टोला दिला, टण्‌कन सुटला. बाहेरची रिंग मी पुसून घरी आणलीय. दिव्याखाली तिरकी धरली तर ठशांची रांग दिसते, सगळे सारख्या अंतरावर, गोळी-गोळीला एक.

हिशेबी:
खड्ड्यात आदळूनही तसेच ठसे पडतात. नाव काय लावलंय तुम्ही स्वतःला!

काळे हात:
पडतात की. पण बाहेरची रिंग फिरत न्हाई, खड्ड्याचा मार तिच्या एकाच बाजूला बसतो. तिथं चार-पाच ठसे एकत्र दिसतील. गोल सगळीकडनं आहेत का तेवढं बघा. आणि मधोमध आहेत की एका कडेला सरकलेत?

खड्डेभोगी:
गोल, पूर्ण वर्तुळभर. आणि एका कडेला सरकलेले. म्हणजे मागच्या वेळी... असो. त्या गॅरेजमध्ये प्रेस नव्हती, आता आठवतंय. पोरगा नव्या बेअरिंगवर जुनी रिंग ठेवून घण घालत होता आणि मी चहा पीत उभा होतो.

पण हिशेबी, तुमचं थिनर पण लावून बघितलं. रिंगवरचा नंबर अर्धा गेला.

हिशेबी:
मग! मी काय म्हणत होतो?

काळे हात:
दोघांनी मिळून मारलं म्हणा बेअरिंगला. ते ऱ्हाऊ दे. एक्सलचा नट नवा टाकला का जुनाच ठोकून परत लावला? आणि टॉर्क रेंच (ठरलेल्या जोरानंच आवळायचा पाना) वापरला का नुसता लांब पाइप?

खड्डेभोगी:
...फोन करून विचारतो.