रोटरी, लायन्स आणि आपण: तुमचे अनुभव लिहा

तालुक्याच्या गावी मी बारा वर्षं लायन्स या सेवाभावी क्लबचा सदस्य आहे, त्यातली दोन खजिनदार. 'जेवणावळींचे क्लब' हे ऐकून कान किटले, म्हणून आधी हिशोबाचं सांगतो. आमची खाती दोन. सभा, जेवण, छपाई सदस्यांच्या वर्गणीतून. सेवेसाठी लोकांकडून जमवलेल्या पैशांतून यातलं काहीही नाही. एकदा हारांचं ३४० रुपयांचं बिल सेवेच्या खात्यातून गेलं, ते मी अध्यक्षांकडून वसूल केलं. ते अजून माझ्याशी कामापुरतंच बोलतात. खोड मात्र एक आहेच. वर्ष १ जुलैला सुरू होतं, ३० जूनला अध्यक्ष बदलतो आणि जुलैत लावलेली झाडं पुढच्या अध्यक्षाची नसतात.

तुम्ही देणारे असा, घेणारे असा किंवा नुसते बघणारे. गोड-कडू सगळं येऊ द्या. तक्रार असेल तर नाव तेवढं टाळा.

*

मी सोलापूरची. १९९९-२००० मध्ये रोटरीतर्फे पल्स पोलिओच्या बूथवर बसायचे. लस उष्णतेने बिघडली का ते दाखवणाऱ्या कुपीवरच्या खुणेतला चौकोन भोवतीच्या वर्तुळापेक्षा फिका असेल तरच डोस द्यायचा, हे नर्सबाईंनी पहिल्याच दिवशी शिकवलं. डोस झाला की डाव्या करंगळीला शाई. खरी पायपीट दुसऱ्या दिवसापासून, घरोघर. घरातली सगळी मुलं झाली की दारावर खडूने 'पी', एखादं राहिलं की 'एक्स'. एका दारावर तीन फेऱ्या 'एक्स'च. आजीबाई म्हणायच्या, "मागं दिला की, आता परत कशाला?" चौथ्या फेरीला मी माझ्या मुलाला घेऊन गेले, त्यांच्यासमोर त्याला डोस पाजला. मग नातू पुढे आला, तोही रडत.

देशातली शेवटची केस जानेवारी २०११ ची, हावड्याची. मार्च २०१४ मध्ये पोलिओमुक्तीचं प्रमाणपत्र मिळालं तेव्हा तोच मुलगा नुकताच बारावीची परीक्षा देऊन घरी लोळत होता. त्याला त्याचं काही नाही!

*

जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. वह्यावाटप होतं. पोरं साडेनऊपासून रांगेत, पाहुणे पावणेबाराला. पहिलीला चौरेघी लागते, आल्या दोनशे पानी एकेरी. एक वही चौघांनी धरली, फोटोत पोरगंच दिसेना.

पुढच्या वर्षी त्याच क्लबातले एक पाइपच्या दुकानाचे मालक एकटेच आले. "गुरुजी, नेमकं काय पाहिजे?" म्हटलं, मुलींच्या संडासात पाणी नाही. टाकी आणली, नळाच्या आट्यांना टेप गुंडाळत स्वतः उकिडवे बसले. बोर्ड लागलाच, टाकीहून थोडा लहान.

*

सांगली, ऑगस्ट २०१९. आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती. पाणी ओसरलं आणि ट्रक यायला लागले: फाटक्या साड्या, एकेका पायाचे बूट, कुणाचा तरी लग्नातला कोट. आम्हाला हवे होते खराटे, फिनेल, बादल्या, आतले कपडे, सॅनिटरी पॅड. एका क्लबच्या बायकांनी आधी फोन करून यादी घेतली, खराटे त्यांनीच आणले. कोट अजून समाजमंदिरात पडून आहे.

*

सासऱ्यांना मोतीबिंदूच्या शिबिरातून शुगर जास्त म्हणून परत पाठवलं. घरी येऊन क्लबला शिव्या घातल्या, "माझा पिकला नाही अजून, त्यांनाच घाई." पिकेपर्यंत थांबायचं नसतं, हे तिथल्या मुलाने तीनदा सांगितलं होतं. पुढच्या शिबिरात झालं. आता पेपर पहिला त्यांनाच लागतो.

*

माझा अनुभव घेणाऱ्याचा. अण्णा पडून होते तेव्हा क्लबच्या साहित्य केंद्रातून वर-खाली होणारी कॉट आणि हवेची गादी मिळाली. भाडं नाही, दोन हजार डिपॉझिट. सात महिने ठेवली. ते गेल्यावर तेराव्याच्या आधीच केंद्रातून फोन आला. बाई चाचरत म्हणाल्या, "दादा, घाई नाही, पण एका आजींसाठी मागणी आलीये." राग आला होता, खोटं कशाला बोलू. त्याच संध्याकाळी टेम्पोत घालून पाठवली. गादीला पावडरीचा वास येत होता.

डिपॉझिट आणायला अजून गेलेलो नाही.