आईला ट्रायलमध्ये घेऊ म्हणतात, पण तिला आजाराचं नावच माहीत नाही

अशोकचौककर

नमस्कार. आम्ही सोलापूरचे, अशोक चौकाजवळ राहतो. आई ६१ वर्षांची. आयुष्यभर घरी बसून विड्या वळल्या, स्वतः एकही ओढली नाही. पावसाळ्यात खोकला लागला, मग धाप. थुंकीत काही सापडलं नव्हतं, तरी एका डॉक्टरांनी नुसता एक्स-रे बघून टीबीच्या गोळ्या चालू केल्या. वजन उतरतच राहिलं तेव्हा दुसऱ्या डॉक्टरांनी सीटी स्कॅन केला, फुप्फुसाभोवतीचं पाणी काढलं, तुकडा तपासायला पाठवला. ॲडेनोकार्सिनोमा, म्हणजे फुप्फुसाचा एक कॅन्सर, चौथी स्टेज. खाली लिहिलंय: ईजीएफआर पॉझिटिव्ह, एक्झॉन १९ डिलीशन, म्हणजे कॅन्सरच्या पेशींच्या जनुकात एक ठरावीक बदल.

मुंबईला दाखवून आलो. तिथले डॉक्टर म्हणाले, या प्रकारावर गोळी आहे, लगेच सुरू करता येईल. शिवाय एक ट्रायल, म्हणजे नव्या उपचाराची रुग्णांवर चाचणी, चालू आहे, त्यात तुमच्या आई बसू शकतात. एका गटाला नेहमीची गोळी, दुसऱ्याला तीच गोळी आणि सोबत एक नवीन औषध. कोण कुठल्या गटात ते कॉम्प्युटर ठरवणार. कागदांचा गठ्ठा दिला आणि घरी विचार करून सांगा म्हणाले.

मामा म्हणतो, गरीब माणसांवर प्रयोग करतात, अजिबात सही करू नका. बहिणीला भीती वाटते की आईच्या वाट्याला नुसती साखरेची, औषध नसलेली गोळी आली तर काय? पण माझी खरी अडचण वेगळीच आहे. आईला आम्ही कॅन्सर हा शब्द अजून सांगितलेला नाही. फुप्फुसात पाणी झालंय, एवढंच तिला माहीत. तिचा जीव हलका आहे, ऐकून ती खचेल असं सगळ्यांना वाटतं. तिच्याऐवजी मी किंवा वडिलांनी सही केली तर चालते का? घरी आम्ही तेलुगू बोलतो. आईला मराठी समजतं, पण लिहिता-वाचता येत नाही.

ज्यांच्या घरात कोणी ट्रायलमध्ये होतं त्यांनी कृपया लिहा.

---

बाळे_वहिनी

दादा, माझे मिस्टर होते ट्रायलमध्ये, फुप्फुसाचाच कॅन्सर. ते आता नाहीत. तरी सांगते, कारण तुमची अडचण तीच आमची होती.

मीही डॉक्टरांना म्हटलं होतं, मी सही करते, ह्यांना नका सांगू. डॉक्टर शांतपणे म्हणाले, "ताई, ते शुद्धीवर आहेत, विचार करू शकतात. सही त्यांचीच लागेल, आणि काय आहे ते कळल्याशिवाय मी सही घेणार नाही." मग मला शेजारी बसवून त्यांनीच ह्यांना सांगितलं. हे बराच वेळ काही बोलले नाहीत. बाहेर आल्यावर मला म्हणाले, "एवढे दिवस एकटीच कशाला ओझं वाहायलीस?" गावी आल्यावर बाळे भागातल्या प्लॉटचे कागद माझ्या नावावर करून घेतले, अक्कलकोटला जाऊन थोरल्या बहिणीला भेटले, तिच्याशी कितीतरी वर्षांचा अबोला होता तो सोडला. सांगितलं नसतं तर हे काहीच झालं नसतं. म्हणून हात जोडून सांगते, ट्रायल घ्या नाहीतर नका घेऊ, पण आईंना सांगा.

ट्रायलचं म्हणाल तर हे नेहमीच्या औषधाच्या गटात पडले. पहिल्यांदा मला फार वाईट वाटलं. पण तेच औषध आम्हाला बाहेरही मिळालं असतं, इथे उलट त्यांच्यावर बारीक नजर होती. ठरलेल्या तारखेला स्कॅन, प्रत्येक वेळी रक्त, ईसीजी. गोळी किती वाजता घेतली ते डायरीत लिहायचं, रिकाम्या स्ट्रिपा परत न्यायच्या. तोंडावर पुरळ आलं, नखांच्या कडा पिकल्या, जुलाब झाले. कोऑर्डिनेटर ताईंना फोन केला की त्याच दिवशी उपाय कळायचा.

त्रास प्रवासाचा. रात्री सिद्धेश्वर एक्स्प्रेसने निघायचं, सकाळी दादरला उतरायचं. राहायचं झालं तर दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आहे, तिथे कॅन्सरच्या पेशंटची सोय होते. धाप लागणाऱ्या माणसाला जिना चढवणं अवघड असतं, आधीच व्हीलचेअर सांगून ठेवा. आईंसोबत कोण जाणार ते आत्ताच ठरवा, दर वेळी नवीन माणूस पाठवू नका.

---

बार्शीची_लेक

मी पुण्यात कॅन्सरच्या ट्रायलवर कोऑर्डिनेटरचं काम करते. तुमची ट्रायल कुठली ते मला माहीत नाही, म्हणून सर्वसाधारणपणे लागू पडेल तेवढंच लिहिते.

सहीबद्दल वहिनींनी लिहिलंय ते बरोबर. नातेवाइकाची सही फक्त रुग्ण स्वतः संमती देण्याच्या अवस्थेत नसेल तेव्हाच. वाचता येत नसेल तर माहितीपत्रक तिला समजणाऱ्या भाषेत पूर्ण वाचून दाखवावं लागतं, त्या वेळी ट्रायलशी संबंध नसलेला एक साक्षीदार हजर हवा, तोही सही करतो, आणि आई अंगठा देतील. तेलुगू प्रत हक्काने मागा. माहितीपत्रकाची आणि संमतीपत्राची एक प्रत घरी न्यायला मिळालीच पाहिजे. मधेच नको वाटलं तर कारण न देता बाहेर पडता येतं, त्यामुळे पुढचे उपचार अडत नाहीत. ट्रायलमुळे इजा झाली तर मोफत उपचार आणि नुकसानभरपाई २०१९ च्या नियमांत आहे.

साखरेच्या गोळीबद्दल. तुम्ही सांगताय त्या रचनेत नेहमीची गोळी दोन्ही गटांना आहे, म्हणजे आई विनाउपचार राहणार नाहीत. तरी "नेहमीची" म्हणजे नेमकी कुठली ते विचारा. जुनी जेफिटिनिब की नवी ओसिमर्टिनिब? २०१८ च्या फ्लॉरा अभ्यासात ओसिमर्टिनिबवर आजार सरासरी १८.९ महिने आटोक्यात राहिला, जुन्या गोळ्यांवर १०.२ महिने. दुसऱ्या गटाला काय मिळतंय हा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

मामांच्या शंकेला मी हसणार नाही. आमच्या भागातलंच उदाहरण देते. बार्शीत १९८७ पासून ग्रामीण भागाची कॅन्सर नोंदणी चालते. तिथल्याच नर्गिस दत्त हॉस्पिटलची माणसं शेजारच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात गावोगाव फिरली आणि सव्वा लाखाहून जास्त बायकांवर गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचा अभ्यास झाला. एचपीव्ही, म्हणजे हा कॅन्सर करणारा विषाणू, त्याच्या एकाच तपासणीने त्या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले, हे २००९ मध्ये त्यातून जगाला कळलं. पण एका गटाला तपासणी न देता ठेवलं होतं, त्यावर पुढे कडक टीकाही झाली. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. म्हणून नाही म्हणण्याआधी कागद वाचा, आणि हो म्हणण्याआधीही वाचा.

गोळीला दुसरं औषध जोडायचा प्रयोग आपल्याकडे झालेला आहे. मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये ईजीएफआरच्या ३५० रुग्णांत नुसती जेफिटिनिब आणि जेफिटिनिबसोबत केमो, अशी तुलना केली. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेला निकाल असा: आजार पुन्हा वाढेपर्यंतचा काळ ८ महिन्यांवरून १६ वर गेला. त्याची किंमतही होती. गंभीर त्रास नुसत्या गोळीच्या गटात साधारण पाव रुग्णांना झाला, केमोच्या गटात निम्म्यांना. तुमच्या आईंना जास्त काळ हवा की कमी त्रास हवा, हे त्यांच्याशिवाय कोण ठरवणार?

आता लगेच करायचं ते. टीबीची पूर्ण फाइल शोधा: थुंकीचे रिपोर्ट, गोळ्या कधी सुरू केल्या, कधी बंद केल्या. अंगात टीबी असेल तर बऱ्याच ट्रायल घेत नाहीत. शिवाय टीबीचं औषध रिफॅम्पिसिन ईजीएफआरच्या गोळ्यांचा असर बराच कमी करतं, त्यामुळे ट्रायलमध्ये नाही गेलात तरी ही तारीख डॉक्टरांना कळायला हवी. दुसरं, अशा ट्रायलला बहुधा आधी उपचार न घेतलेला रुग्ण लागतो. बाहेरून गोळी सुरू केली तर दार बंद होऊ शकतं. पण विचार करण्यात फार दिवस घालवू नका, चौथ्या स्टेजला आठवडे मोलाचे असतात.

आणि सीटीआरआयचा नंबर मागा. देशातल्या ट्रायलची ती सरकारी नोंदणी आहे, २००९ पासून सक्तीची. त्या नंबरावर कोणीही माहिती उघडून बघू शकतं. औषध मोफत असलं तरी स्कॅन, रक्त, प्रवास कोण देणार हे कागदात असतं, नसेल तर लिहून घ्या.

---

होटगीरोड

माझ्या वडिलांनी ट्रायलला नाही म्हटलं. मुंबईच्या फेऱ्या त्यांना झेपणाऱ्या नव्हत्या. डॉक्टर रागावले नाहीत, नेहमीचे उपचार लिहून दिले, ते आम्ही सोलापुरातच केले. हाही रस्ता आहे.

---

अशोकचौककर

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री जेवणं झाल्यावर मी आणि बहिणीने आईला सांगितलं. तेलुगूतच सांगितलं. रडली. मग विचारलं की विडीच्या पाना-तंबाखूमुळे झालं का? मी म्हटलं, कशामुळे झालं ते डॉक्टरही खात्रीने सांगू शकत नाहीत. नंतर एकेक विचारत गेली: केस जातील का, शुगरची गोळी सोबत चालेल का, भाचीच्या लग्नाला हजर राहता येईल का. मामाला तिनेच फोन करून सांगितलं की कागद आधी वाचून घेऊ, मग बोल.

टीबीची फाइल सापडली, बंद केल्याची तारीख त्यात आहे. सोमवारी मुंबईला फोन करतो. तेलुगू प्रत, सीटीआरआय नंबर आणि नेहमीची गोळी कुठली, हे तिन्ही विचारतो. आई म्हणते स्पीकरवर ठेव, मलापण ऐकायचंय.