आक्षेप आला म्हणून पुस्तक कपाटातून काढावे का?

धागाकर्ता (शालेय ग्रंथपाल): शालेय ग्रंथालयातील पुस्तकावर आक्षेप आला, तरी निर्णय होईपर्यंत ते कपाटातच राहावे, असे माझे मत आहे. आक्षेप लेखी असावा आणि अर्जातला पहिला प्रश्न ‘आपण पुस्तक पूर्ण वाचले आहे का?’ हाच असावा. एका पालकांनी माझ्या टेबलावर ठेवलेल्या कादंबरीत खुणेची चिठ्ठी एकाच पानावर होती; त्या पानावर शिवी देणाऱ्या पात्राला पुढच्याच प्रकरणात तिची काय किंमत मोजावी लागते, हे त्यांच्या वाचनात आलेच नव्हते. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातील आयलंड ट्रीज शाळा मंडळाने १९७६ मध्ये पुस्तके काढली आणि स्वतःच नेमलेल्या पालक-शिक्षक समितीच्या बहुतेक शिफारशी डावलल्या. विचार पसंत नाहीत एवढ्यावरून पुस्तके काढता येणार नाहीत, अशी भूमिका १९८२ मध्ये सर्वोच्च न्यायालयातील न्या. ब्रेनन यांनी मांडली.

प्रतिसाद (एक पालक): आपण अर्धीच बाजू सांगितलीत. त्या खटल्यात बहुमताचे एकच निकालपत्र निघाले नाही, आणि सर्रास असभ्य किंवा शैक्षणिकदृष्ट्या अयोग्य पुस्तक काढण्याची मुभा न्या. ब्रेनन यांनीही नाकारलेली नाही. शिवाय शंभर पुस्तके विकत घेताना आपण हजारो नाकारताच. मग ती ‘निवड’ आणि आमची हरकत तेवढी ‘सेन्सॉरशिप’, हे कसे?

धागाकर्ता: निवडीचा मुद्दा रास्त आहे, आणि म्हणूनच निवडीचे लेखी धोरण आक्षेप येण्याआधीच तयार असायला हवे. पण ग्रंथालयशास्त्राचे अभ्यासक लेस्टर अॅशाइम यांनी १९५३ मध्येच दाखवलेला फरक मला आजही पटतो: निवडणारा पुस्तक ठेवण्याची कारणे शोधतो, तर सेन्सॉर ते नाकारण्याची. आपल्या पाल्याला अमुक पुस्तक देऊ नये, असे कोणी लिहून दिले तर मी तशी नोंद जरूर करेन. इतरांच्या मुलांबाबतचा तोच निर्णय मात्र त्या एका अर्जावर घेणार नाही.

प्रतिसाद (एक शिक्षिका): समितीपर्यंत पोहोचणारे पुस्तक नशीबवान म्हणायचे. मी पूर्वी जिथे शिकवत होते, तिथल्या नोंदवहीत एका पुस्तकापुढे ‘बांधणीसाठी’ असा शेरा तीन वर्षे तसाच होता. तक्रार कोणीच केली नव्हती, ती होईल या धास्तीनेच पुस्तक बांधणीला गेले होते. (बांधणी मुळात अगदी शाबूत होती.) अशा पुस्तकासाठी अर्ज, सुनावणी किंवा अपील यांपैकी काहीच नसते.

प्रतिसाद (तेच पालक): अशा लपवाछपवीचे समर्थन मीही करणार नाही. माझी अडचण वेगळी आहे. अकरा आणि सतरा वर्षांच्या मुलांना एकच कपाट खुले असेल, आणि समितीच्या निर्णयाला मुदतच नसेल, तर ‘निर्णय होईपर्यंत पुस्तक कपाटात’ या नियमाने शाळेला चालढकलीची सोय होते. तीस दिवसांची मुदत घाला आणि वयोगटानुसार कपाटे वेगळी करा. मग पुस्तक पूर्ण वाचूनच अर्ज करायला माझी हरकत नाही.